लूकचा पंधरावा अध्याय आधी वाच

बायबल वाचायला घेतलं आहेस, तर उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून क्रमानेच जायचा हट्ट धरू नकोस. लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकापर्यंत बरेच जण थकतात. आधी लूक 15, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या लूकच्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय, वाच. त्यात येशूने सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट ठाऊक असेलच: वाट्याची संपत्ती उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो. पण तू थोरल्या भावापाशी थांब. इतकी वर्षं राबलेला तो मेजवानीला आत यायला तयार नाही, आणि बाप त्याचीही समजूत काढायला बाहेर येतो. पुढे तो आत गेला का, हे येशू सांगत नाही. घरात भावाभावांत अबोला असेल, तर हा भाग फार लागतो.

प्रार्थना सुचेनाशी झाली की बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 88 मोठ्याने वाच. ते अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे. येशूचा प्रेषित पौल याने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं रोमकरांस पत्र वाचताना मात्र सातव्या अध्यायावर थांबू नकोस, लगेच आठवा घे; सातव्यात पापाशी झगडा आहे, दिलासा आठव्यात आहे.