टर्बो घेण्याआधी

प्रिय,

गाडीत घालायच्या पार्टची तुझी यादी नीट वाचली. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), इंटरकूलर, मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे), ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) नवा मॅप, म्हणजे पेट्रोल-ठिणगीचा तक्ता, जाड एक्झॉस्ट, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि शेवटी, जागा उरली होती म्हणून लिहिल्यासारखे, ब्रेक पॅड. यातली एकही वस्तू वाईट नाही. क्रम तेवढा उलटा आहे, आणि या छंदात पैसे बुडतात ते बहुतेक क्रमापायीच.

कारखान्यातून निघालेल्या गाडीचं इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर, ब्रेक, टायर हे सगळे एकमेकांच्या मापाने बेतलेले असतात. त्यातल्या एकाची ताकद वाढवली की ताण पुढच्या कमजोर जागी सरकतो, एवढंच होतं. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, वाढला की आधी क्लच घसरायला लागतो. दणकट क्लच घातला की तोच धक्का गिअरच्या दातांवर जातो. गिअरबॉक्सही भक्कम केला तर चाकं फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट आहेतच. म्हणून कुठलाही पार्ट मागवण्याआधी वहीत एक ओळ लिहायची सवय लाव: हा लागल्यावर ताण कुठे जाणार? उत्तर लिहिता आलं नाही तर पार्ट मागवू नकोस.

आता तुझ्या लाडक्या टर्बोकडे येऊ. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 1 बार असतो. त्यावर गेजमध्ये 0.5 बार बूस्ट (टर्बोने घातलेला जादा दाब) दिसला की कागदोपत्री इंजिनाला दीडपट हवा मिळते. प्रत्यक्षात तेवढी मिळत नाही, कारण दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. इंटरकूलर असतो तो ती हवा थंड करण्यासाठी. जादा हवेला जादा पेट्रोल लागतं, म्हणून इंजेक्टर मोठे आणि पंपही मोठा. इंजेक्टर त्यांच्या क्षमतेच्या 80-85 टक्क्यांच्या पलीकडे राबवायचे नसतात. या साखळीतली एक कडी जरी राहिली तरी मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि नेमकं पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबल्यावर, जिथे ते सगळ्यात घातक असतं. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल लागतं. बूस्टखाली मात्र ट्यूनर हे प्रमाण साधारण 11.5 ते 12.5 वर आणतात. ते जास्तीचं पेट्रोल जळण्यासाठी नसतं, सिलेंडरमधली आग थोडी थंड ठेवण्यासाठी असतं.

थंड का ठेवायची, तर नॉकिंगमुळे. प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्वाळा सिलेंडरभर पोचायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकतं. बाहेर हलकी टिकटिक ऐकू येते, कधी एक्झॉस्टच्या आवाजात तीही बुडून जाते, आणि आत पिस्टनवरच्या दोन रिंगांमधली धातूची पट्टी तुटते. मुख्य उपाय तीन: चांगल्या ऑक्टेनचं, सहज न भडकणारं इंधन, थोडी उशिरा पडणारी ठिणगी आणि थंड हवा. इंटरनेटवरून उतरवलेला ‘तयार’ मॅप दुसऱ्याच्या इंजिनावर, दुसऱ्याच्या इंधनावर बनलेला असतो. तो तुझ्या गाडीत घालू नकोस. एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून, तुझ्याच गाडीवर बसून मॅप करणारा माणूस शोध आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नकोस.

हे दुखणं नवं नाही. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने टर्बोचं पेटंट घेतलं ते 1905 मध्ये, पण विक्रीच्या पेट्रोल मोटारींत टर्बो यायला 1962 उजाडलं. त्यातल्या ओल्ड्समोबाइल जेटफायर या अमेरिकी गाडीचं कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) 10.25 होतं, बूस्टच्या मानाने फारच जास्त. नॉकिंग आवरायला पाणी आणि मेथॅनॉलचं मिश्रण इंजिनात फवारावं लागे आणि त्याची वेगळी टाकी मालकाने भरत राहायची. ती संपली की गाडी स्वतःच बूस्ट तोडायची. हुशार यंत्रणा होती, पण मालकाच्या शिस्तीवर उभी होती, आणि ते मॉडेल दोन वर्षांत बंद झालं.

आता तुझं इंजिन. ते मूळ ताकदीलाच पुरं पडतंय का, हे तुला माहीत आहे का? चारही सिलेंडरची कॉम्प्रेशन टेस्ट कर, म्हणजे प्रत्येकात किती दाब तयार होतो ते मोज. आकडे किती मोठे आहेत यापेक्षा ते एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघ. एक सिलेंडर बाकीच्यांपेक्षा 10-15 टक्क्यांहून खाली असेल तर लीकडाउन टेस्ट कर. त्यात आत भरलेली हवा कुठून सुटते यावरून दुखणं कळतं: ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडखालची सील, म्हणजे हेड गॅस्केट. आजारी इंजिनावर टर्बो म्हणजे दम लागलेल्या माणसाला पळायला लावणं. जुने होज, कूलंट, बेल्ट, इंजिनाच्या माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश ही कामं आधी. त्यात दाखवण्यासारखं काही नसतं, फोटोला कोणी दाद देत नाही, पण ती झाल्यावर गाडी इतकी वेगळी चालते की काही जणांचं टर्बोचं खूळ तिथेच ओसरतं.

मग ब्रेक. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते. 120 च्या वेगावरून थांबताना ब्रेकना 60 च्या चौपट उष्णता गिळावी लागते. लोक लगेच सहा पिस्टनचे लाल कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) शोधायला धावतात. (लाल रंगाने गाडी लवकर थांबते असं मानणारे मी प्रत्यक्ष पाहिलेत.) पण एका झटक्यात चाकं लॉक करण्याइतकी ताकद तुझ्या मूळ ब्रेकमध्येही आहे. ते कमी पडतात ते पुन्हापुन्हा तापल्यावर. तेव्हा आधी ब्रेक ऑइल बदल. डॉट 4 दर्जाचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं. तेच हवेतली ओल शोषून जुनं झालं की ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पाय थेट खाली जातो. ताजं ऑइल, बऱ्यापैकी पॅड आणि फुगलेल्या रबरी नळ्या असतील तर त्यांच्या जागी नव्या. एवढं केलं तरी तुझं पहिलं वर्ष निघेल.

टायरबद्दल थोडक्यात. गाडीचा जमिनीशी संबंध चार तळहातांएवढ्या जागेतून येतो, आणि ताकद, ब्रेक, वळण सगळं तिथूनच जातं. टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं. बजेटमधली पहिली मोठी रक्कम इथे जाऊ दे.

स्प्रिंगा कापून गाडी खाली करू नकोस. खाली बसलेल्या गाडीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर शेवटच्या रबरी अडणीवर, म्हणजे बंप स्टॉपवर, आदळत राहतो, सस्पेन्शनच्या आर्मचे कोन बिघडतात आणि दिसायला झोकदार गाडी खडबडीत वळणावर मूळ गाडीपेक्षा रस्ता वाईट धरते. खाली करायचीच असेल तर स्प्रिंग आणि डँपर (म्हणजे शॉकच) एकमेकांना जुळणारे घे आणि लगेच अलाइनमेंट करून घे.

ताण कुठे जाणार, या प्रश्नाचं ‘कुठेच नाही’ असं उत्तर देणारा एकच बदल आहे: वजन कमी करणं. हलक्या गाडीत टायर, ब्रेक, क्लच, सगळ्यांनाच आराम मिळतो. लोटस या ब्रिटिश मोटार कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन आयुष्यभर याच्या मागे होता. त्याची 1957 ची सेव्हन ही गाडी बघ, गरजेपलीकडे तिच्यावर काही नाही. हलकी चाकं, हलकी बॅटरी, मागच्या भागातला अनावश्यक पसारा, इथून सुरुवात कर. एअरबॅग आणि दारातल्या लोखंडी पट्ट्या मात्र वजनाच्या नावाखाली काढायच्या नाहीत. रस्त्यावरच्या गाडीत रोल केज, म्हणजे आतून बसवलेला लोखंडी पाइपांचा पिंजरा, तोही नको. हेल्मेट नसलेलं डोकं अपघातात त्याच पाइपवर आपटतं. तो ट्रॅकच्या गाडीला, हेल्मेट आणि हार्नेससोबतच शोभतो.

हत्यारांत कंजुषी करू नकोस. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आणि तुझ्याच मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल या दोन गोष्टी पहिल्या. ‘हाताला लागेल एवढं आवळ’ हे वाक्य हेडच्या बोल्टांना चालत नाही. कित्येक इंजिनांत ते ठरलेल्या अंशात फिरवून, ताणून बसवायचे असतात आणि एकदा काढले की नवेच लागतात. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. स्टँड लाव, गाडी हलवून बघ, मगच आत सरक. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणूनसुद्धा नाही. या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही, तुझंही घेणार नाही.

डायनोच्या (गाडीची ताकद मोजणाऱ्या मशिनच्या) आकड्यावर फार जीव टाकू नकोस. दोन मशिनं एकाच गाडीचे वेगळे आकडे देतात. एकाच मशिनवर, शक्यतो सारख्याच हवेत, आधीचा आणि नंतरचा आलेख घे आणि त्यांच्यातला फरक बघ. शेवटच्या 500 आरपीएममध्ये उसळणाऱ्या रेषेपेक्षा मधल्या पट्ट्यात भरलेली रेषा चालवायला गोड असते. बदलही एका वेळी एकच कर. तीन पार्ट एकदम बसवले आणि गाडी अडखळायला लागली तर कोणाला दोष देणार?

रोज कामाला न्यायची गाडी आणि प्रयोगाची गाडी एकच असेल तर घाईघाईत रात्री दोनला काम उरकावं लागतं, आणि घाईत बोल्टचे आटे जातात. जमेल तेव्हा दुसरं वाहन बघ, स्कूटर का असेना. बदल विमा कंपनीला कळव आणि तुझ्याकडे नोंदणीचे नियम काय सांगतात ते पार्ट घेण्याआधी वाच.

येत्या सुट्टीत कॉम्प्रेशन टेस्ट कर. इंजिन गरम असू दे, चारही प्लग काढ, इंधन आणि इग्निशन दोन्ही बंद कर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेव. काढलेले प्लग सिलेंडरच्या क्रमाने मांडून फोटो काढ आणि आकड्यांसोबत पाठव. चारही ठीक निघाले तर टर्बोच्या मापाचं बोलू, आणि तेव्हा भांडायलाही मजा येईल, कारण तू निवडलेला फारच मोठा आहे.

तुझा,
काका