शिंगं, समया आणि ६६६: वाचकांचे प्रश्न

बायबलमधल्या दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांवर सांगली-मिरजेकडच्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न.

दानीएलाच्या पुस्तकातली शिंगांची जनावरं वाचताना डोकं चक्रावतं. अर्थ शोधायचा कुठं? (तासगाव)

आधी त्याच अध्यायात. आठव्या अध्यायात दोन शिंगांचा एडका आहे. मागाहून उगवलेलं शिंग पहिल्यापेक्षा उंच. मग पश्चिमेकडून एक बकरा येतो, जमिनीला पाय न लावता, आणि एडक्याची दोन्ही शिंगं मोडतो. दानीएललाही काही कळत नाही, तेव्हा गब्रीएल हा देवदूत त्याला सरळ सांगतो: एडका म्हणजे मेदय आणि पारस (आजच्या इराणकडची जुनी राज्यं) यांचे राजे, बकरा म्हणजे ग्रीस. पारस मेदयाच्या मागून पुढं आला, पण वरचढ ठरला. उंच शिंगाचा उलगडा झाला. बकऱ्याचं मोठं शिंग ऐन जोरात असताना मोडतं आणि त्या जागी चार उगवतात. इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर वारला तेव्हा तो अवघा ३२ वर्षांचा होता, आणि त्याचं राज्य सरदारांनी वाटून घेतलं.

प्रकटीकरणातही तीच रीत. सात समया म्हणजे सात मंडळ्या (ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचे समुदाय), हे पहिल्याच अध्यायाच्या शेवटी लिहिलंय. सतराव्यात जलं म्हणजे लोक आणि राष्ट्रं. शास्त्रानं स्वतः उत्तर दिलेलं असताना काही जण आधी वर्तमानपत्र का उघडतात, देव जाणे.

६६६ म्हणजे आधार कार्ड, असा मेसेज फिरतोय. (विटा)

पुढं पाठवू नका. ६६६ हा प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातला श्वापदाचा आकडा, आणि ज्याला बुद्धी आहे त्यानं त्याचा हिशेब करावा, असं तिथं लिहिलंय. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असे. ‘नेरोन कैसर’, म्हणजे रोमचा सम्राट नीरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज करा: ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. झाले ६६६. गंमत पुढं आहे. काही जुन्या हस्तलिखितांत हा आकडा ६१६ आहे, आणि नावातला शेवटचा ‘न’ गाळून ‘नेरो’ लिहिलं की बरोबर ५० कमी होतात. म्हणून बरेच अभ्यासक नीरोकडे बोट दाखवतात. सगळ्यांना ते पटत नाही. दुसऱ्या शतकात इरेनियस या ख्रिस्ती बिशपनं वेगळीच नावं सुचवली होती. पण छळ सोसणाऱ्या मंडळीला हिशेब करायला सांगितलं, तर तो तिच्या आवाक्यातला असणार, एवढं तरी धरून चला.

प्रकटीकरणाच्या नवव्या अध्यायातले टोळ म्हणजे हेलिकॉप्टर का? (मिरज)

नाही. बायबलमधल्याच योएलाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचा, घोड्यांसारखे दिसणारे टोळ तिथं आधीच आहेत.

२०१९ च्या महापुरात आमचं घर बुडालं. हा प्रकटीकरणातलाच पूर, आमच्या पापाची शिक्षा, असं एकजण म्हणाले. (सांगली)

त्यांना प्रकटीकरणाचा बारावा अध्याय उघडून दाखवा. कृष्णेला पूर आला तो महाबळेश्वर-कोयनेकडच्या पावसानं आणि धरणांतून सोडलेल्या पाण्यानं. आणि त्या अध्यायात स्त्रीच्या मागं नदीसारखं पाणी सोडतो तो देव नव्हे, अजगर. भूमी तिच्या मदतीला येते आणि ते पाणी गिळून टाकते.