माफीतला ‘तर’ काढा

प्रश्न : मंडळाच्या सभेत माझ्या तोंडून कन्नड लोकांबद्दल वाईट शब्द गेला. व्हिडिओ फिरला. आता जाहीर माफी मागा म्हणतात. मला भाषणस्वातंत्र्य नाही का? – एक कार्यकर्ता, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : आहे, दादा. घटनेचं कलम १९(१)(अ) ते देतं, १९(२) वाजवी बंधनं घालतं. भाषेवरून गटांत वैर पेटवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा. प्रत्येक उणा शब्द त्यात बसत नाही. बसला नाही म्हणून शोभतो, असंही नाही.

बेळगावच्या शहापुरात एका हळदीकुंकवाला मी शेजारच्या कन्नड अक्कांच्या मराठीची नक्कल केली होती. सगळ्या हसल्या, त्या उठून गेल्या. सकाळी त्यांच्या दारात जाऊन ‘तप्पायितु’, म्हणजे कन्नडमध्ये ‘चुकलं’, म्हटलं. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला, पीठ बोटांना तसंच. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, ‘आत ये.’

‘भावना दुखावल्या असतील तर’ असं लिहू नका. दुखावल्यात! त्याच मंडपात, दोन्ही भाषांत, काय चुकलं ते सांगा. धमकावून कुणी कान धरायला लावत असेल तर मात्र पोलिसांत जा. आणि मराठी शाळेची, मराठी कागदपत्रांची मागणी सोडू नका. तिच्यासाठी माफी मागायची नसते.