गोळी सोडली की पाळी बंद: चिबडलेल्या रानाची गोष्ट

"मॅडम, गोळ्या चालू आहेत तोवर पाळी येते. सोडल्या की बंद. हिचं पुढं कसं व्हायचं?"

सांगलीत समुपदेशनाला येणाऱ्या आयांच्या तोंडून हे वाक्य मी जवळजवळ याच शब्दांत ऐकते. त्या 'पुढं'मध्ये लग्नही असतं आणि मूलही. मुलगी शेजारी मोबाईलमध्ये मान घालून बसलेली असते. प्रश्न फार वेळा आला, म्हणून एकीची सहा महिन्यांची हकीकत इथे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वाळवा तालुक्यातलं उसाचं घर. मुलगी तेवीस वर्षांची, वजन ७२ किलो, सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. पाळी कधी ५५ दिवसांनी, कधी ८०. हनुवटीवर राठ केस, मानेवर काळसर पट्टा. सोनोग्राफीत पीसीओडी, म्हणजे घरच्या भाषेत 'पाण्याच्या गाठी'.

या 'गाठी' शब्दानेच निम्मं नुकसान केलेलं असतं. त्या गाठी नसतात. बीजांडकोशात दर महिन्याला काही बीजपुटिका वाढायला लागतात आणि त्यातली एक पूर्ण पिकून फुटते, तेव्हा बीज सुटतं. इथे त्या अर्ध्या वाटेवर थांबतात आणि सोनोग्राफीत २ ते ९ मिलीमीटरचे ठिपके होऊन दिसतात. त्यात काढून टाकण्यासारखं काहीच नसतं. रक्तात इन्सुलिन सतत चढं राहिलं की बीजांडकोश पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतो आणि बीज पिकत नाही. मानेवरचा काळा पट्टा बहुधा त्याच चढ्या इन्सुलिनची खूण असतो.

आणि गोळीने येते ती पाळी? प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या संपल्या की आधार सुटलेलं गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं, तो हा रक्तस्राव. बीज सुटलं असा त्याचा अर्थ नाही. तरीही गोळी वाईट नाही, हे मी प्रत्येकीला ठासून सांगते. तीन महिन्यांहून जास्त पाळी लांबली तर आतलं अस्तर जाड होत राहतं आणि पुढे त्यात बिघाड होऊ शकतो. म्हणून ९० दिवस उलटले की स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं आणि त्या देतील ती गोळी घ्यायची. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर एवढं आधी तपासून घ्यायचं. माझं काम त्यानंतरचं.

मी या सगळ्याकडे चिनी वैद्यकाच्या नजरेने बघते. "चिनी म्हणजे?" असं आईने विचारलंच. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बसू पुढे अ‍ॅक्युपंक्चर (सुया टोचून करायचा उपचार) शिकून ते १९५९ मध्ये भारतात घेऊन आले. एवढं सांगितलं की आयांची भीती जरा कमी होते.

त्या वैद्यकात प्लीहा म्हणजे अन्न पचवून त्याचं सत्त्व करणारी ताकद. शरीरशास्त्रातला अवयव डोळ्यांसमोर आणू नये. ती ताकद थकली की अन्नाचं सत्त्व होत नाही, ओल साठते, ओलीचा चिकट कफ होतो आणि तो गर्भाशयाची वाट अडवतो. प्लीहा थकते कशाने? गोड, गार, अवेळी जेवण, बैठं काम आणि अखंड विचार. स्पर्धा परीक्षेच्या मुलीचा दिवस याहून वेगळा नसतो.

हे मी समजावत होते आणि दोघी नुसत्या मान हलवत होत्या. मग मी विषय बदलला.

"ताई, तुमचं सगळं रान चांगलं आहे?"

"कुठलं ओ. खालचा दीड एकर पाणी साचून चिबडलाय. ऊस पिवळा पडतोय."

"मग काय करता? खत वाढवता?"

"खत टाकून काय करायचं? मुळ्या कुजत्यात. चर काढून पाणी काढून द्यायला पायजे. जादा ओल निघून वाफसा आला की मग..." त्या थांबल्या. लेकीकडे बघितलं. "म्हणजे हिचं रान चिबडलंय?"

मुलीने पहिल्यांदा मोबाईल पालथा ठेवला. "म्हणजे बी खराब नाही?"

"बी खराब नाही. वाफसा नाही."

ती रडली. दोन वर्षं ती स्वतःला नासकं बियाणं समजत होती आणि हे आईलाही बोलली नव्हती. त्या दिवशी मी पुढे काहीच शिकवलं नाही. ओल आणि कफ हे शब्द मी कितीदा समजावले असतील, पण कृष्णाकाठच्या बाईला ते आधीच माहीत असतात, फक्त रानाच्या भाषेत. तेव्हापासून मी सुरुवातच रानापासून करते.

मग चर कुठे काढायचे ते बघितलं. अभ्यासिकेखालच्या टपरीवर दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चहातूनच चाळीस-पन्नास ग्रॅम. ते दोन चहांवर आणले, अर्ध्या चमच्याचे. सकाळी उपाशी आणि रात्री साडेदहाला मेसचा भात, ही उतरंड उलटी केली: नऊच्या आत ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ किंवा दोन अंडी, रात्रीचं गरम जेवण आठच्या आत. सोमवार, गुरुवार आणि संकष्टीचा साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. उपवास मोडायला सांगितला नाही, साबुदाण्याच्या जागी राजगिऱ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी आली. ताक दुपारी चालेल, रात्रीचं दही आणि फ्रीजचं पाणी बंद. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि वजन उचलणं. उद्दिष्ट फक्त साडेतीन किलोचं, कारण वजनाचा पाच टक्के भाग उतरला तरी अनेकींचं बीज सुटायला लागतं.

इथे एक ताकीद. हीच रीत ४५ किलोच्या, अर्धपोटी राहणाऱ्या मुलीला लावू नका. तिचं रान चिबड नसतं, कोरडं असतं. तिला जेवण वाढवावं लागतं.

चिनी वैद्यकातल्या दाबायच्या बिंदूंपैकी मी दोनच दिले. सानयिनजाओ, म्हणजे त्या वैद्यकाने मानलेल्या तीन 'यिन' वाहिन्यांचा संगम. हरिपूरला कृष्णा-वारणा मिळतात तसा. आतल्या घोट्याच्या टोकापासून स्वतःची चार बोटं जोडून वर, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला. दुसरा कफाचा, फेंगलोंग: गुडघा आणि बाहेरचा घोटा यांच्या मध्यावर, नडगीच्या कडेपासून दोन बोटं बाहेर. अंगठ्याने सावकाश, प्रत्येक पायाला दोन मिनिटं. जडसर, बोथट दुखलं की जागा बरोबर. टोचल्यासारखं दुखलं तर बहुतेक हाडावर दाबताय, जरा मागे सरका. गरोदर असण्याची शक्यता असेल तर सानयिनजाओला हात लावायचा नाही. चिनी काढ्यांच्या पुड्या ऑनलाइन मागवायच्या नाहीत. त्यातली डांग ग्वेइ ही मुळी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतली तर रक्तस्राव वाढवू शकते.

सुया टोचल्या की मूल राहतं, असं मी कुणाला सांगत नाही. २०१७ मध्ये चीनमधल्याच पीसीओएस (पीसीओडीचंच दुसरं नाव) असलेल्या १००० स्त्रियांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खऱ्या आणि खोट्या सुयांनी बाळंतपणांत फरक पडला नाही. बीज सुटायला मदत करणाऱ्या क्लोमिफीनच्या गोळीने पडला: २८.७ टक्के विरुद्ध १५.४ टक्के. मला हे वैद्यक प्यारं आहे, म्हणूनच त्याच्या नावावर नसलेलं श्रेय मी त्याला देत नाही. जगण्याची घडी बसवायला त्याच्याइतकी चांगली नजर मला दुसरी मिळालेली नाही.

खरी साथ दिली तापमानाच्या वहीने. पहाटे जाग आली की अंथरुणातून उठायच्या आधी, जिभेखाली डिजिटल थर्मामीटर, रोज एकाच वेळी, आधी किमान तीन तास झोप झालेली. बीज सुटल्यावर तापमान साधारण अर्धा अंश फॅरनहाइट वर चढतं आणि पाळीपर्यंत वरच राहतं. पहिले अकरा दिवस आकडे वेडेवाकडे होते. कारण सापडलं: पाच वाजता नळाला पाणी येतं, ती उठून भांडी भरायची आणि मग परत पडून तापमान घ्यायची. थर्मामीटर उशाशी आला आणि रेघ सरळ झाली. सपाट, पण सरळ.

चौथ्या महिन्यात ती वही उघडी धरूनच आत आली. ९७.३, ९७.२, ९७.४, मग ९७.९ आणि सलग बारा दिवस वर. तेराव्या दिवशी पाळी, गोळीशिवाय, ४६ व्या दिवशी. आईने रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आला की वाफसा."

मुलाचं विचाराल तर, बीज न सुटल्यामुळे येणारं वंध्यत्व हे उपचारांना चांगली दाद देणाऱ्यांपैकी आहे. वेळ आली आणि आपोआप जमलं नाही, तर डॉक्टर बहुधा आधी बीज सुटण्यासाठी लेट्रोझोलची गोळी देतात आणि पुष्कळजणींना तेवढं पुरतं. पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रिया आई होतात. लग्न ठरवताना हे लपवण्याजोगं नाही.

पुढची पाळी ४१ दिवसांनी आली. पूर्वपरीक्षेच्या महिन्यात रेघ पुन्हा सपाट पडली. या वेळी ती घाबरून आली नाही. वहीच्या समासात तिने लिहिलं होतं: 'जेवण साडेदहा, चहा पाच, झोप दोन'. आणि त्याखाली, दुसऱ्या शाईत: 'आजपासून आठ'.