साखळीत पहिला आलेला संघच चॅम्पियन का नाही? कॉन्फरन्स टूर्नामेंट हवीच कशाला?

तुमचं म्हणणं असं की अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये कॉन्फरन्सची, म्हणजे कॉलेजांच्या एका गटाची, साखळी संपल्यावर घेतलेली बाद फेरीची स्पर्धा म्हणजे निव्वळ तिकीटविक्री. माझे साडूही दर दिवाळीला हेच ऐकवतात. ते चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे चाहते, मी एनसी स्टेट विद्यापीठाचा, दोघांची घरं नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कॅरीत.

मार्च २०२४. आमच्या एसीसीच्या (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या) साखळीत नॉर्थ कॅरोलिना, म्हणजे साडूंचं चॅपल हिल, १७ विजय आणि ३ पराभवांसह पहिली. आम्ही दहावे, शेवटचे चारही सामने हरलेले. एनसीएएत, म्हणजे देशभरातल्या कॉलेज संघांच्या स्पर्धेत, जायचं तर वॉशिंग्टनची ही बाद फेरीची स्पर्धा जिंकायची, दुसरा रस्ता नाही. मंगळवारी लुइव्हिल, बुधवारी सिरॅक्यूज, गुरुवारी चक्क ड्यूक! शुक्रवारी व्हर्जिनियाविरुद्ध तीन गुणांनी मागे, पाच सेकंद बाकी, आणि त्यांचा फ्री थ्रो हुकला. मायकेल ओ'कॉनेल चेंडू घेऊन सुसाट सुटला आणि शेवटच्या क्षणी लांबूनच फेकला. बोर्डवर आपटून आत. मी इतका ओरडलो की झोपलेली मुलं जिना उतरून खाली आली. जादा वेळेत ७३-६५. शनिवारी अंतिम सामन्यात समोर चॅपल हिल. ८४-७६. १९८७ नंतर पहिल्यांदा एसीसी आमची, आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू आमचा डीजे बर्न्स.

साडूंचं ठरलेलं वाक्य, "पाच दिवस नशिबाचे." पहिल्या चार मानांकित संघांना थेट गुरुवारपासून खेळायला मिळतं. म्हणजे अंतिम सामना चॅपल हिलचा तिसरा होता, आमचा पाच दिवसांतला पाचवा. दमलेले कोण होते? पुढे एनसीएएत याच संघाने ड्यूकला पुन्हा हरवून फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार संघांची फेरी, गाठली. नशीब इतकं लांब चालत नाही.

आणि साखळी तरी कुठे समान असते? त्या वर्षी १५ संघ, प्रत्येकाचे २० सामने. म्हणजे सहा संघांशी दोनदा गाठ, उरलेल्या आठांशी एकदाच. कुणाच्या वाट्याला सोपे संघ दोनदा येतात, कुणाच्या अवघड. त्या तक्त्यावर चॅम्पियन ठरवणं मला पटत नाही. आयपीएलमध्येही गुणतक्त्यात पहिल्या आलेल्याला कुणी चषक देऊन टाकत नाही. एसीसीच्या नियमांनुसारही टूर्नामेंट जिंकणाराच कॉन्फरन्सचा विजेता.

हां, छोट्या कॉन्फरन्सचं वेगळं. तिथून बहुतेकदा एकच संघ एनसीएएत जातो, त्यामुळे हंगामभर जिंकलेली पोरं एका वाईट संध्याकाळी बाहेर पडतात. तो अन्याय आहेच. एकेकाळी एसीसीतही असंच होतं: १९७४ मध्ये मेरीलंड अंतिम सामन्यात आमच्याकडून जादा वेळेत १०३-१०० हरलं आणि इतका भारी संघ एनसीएएला मुकला. पुढच्याच वर्षी एनसीएएने ३२ संघ घेतले आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून जास्त संघ जाऊ लागले.

आता मोठ्या कॉन्फरन्समध्ये ही तक्रार उरलेली नाही. तरीही कुणी "खरे चॅम्पियन आम्हीच" म्हणालं, तर २०२४ च्या एसीसी विजेत्याचं नाव त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा.