मेंदूची अँजिओग्राफी : मनगटातून की मांडीतून?

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे असून दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. पंधरवड्यापूर्वी त्यांचा डावा हात अर्धा तास लुळा पडला, तोंडही वाकडे झाले आणि मग सारे आपोआप पूर्ववत झाले. नाशिकच्या डॉक्टरांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी सुचवली असून ती उजव्या मनगटातून करू, असे ते म्हणतात. माझ्या काकांची हीच तपासणी मांडीतून झाली होती. हाताला इजा झाली तर ऑक्टोबरची छाटणी कोण करणार, ही वडिलांची चिंता आहे. आम्ही मांडीचाच आग्रह धरावा का?
— एक वाचक, दिंडोरी

उत्तर : तसा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे. मनगटाची वाट हृदयाच्या तपासणीत जुनी आहे. कॅनडातील डॉ. ल्युसियँ कांपो यांनी १९८९ मध्ये या मार्गाने केलेल्या हृदयाच्या अँजिओग्राफीचा अनुभव प्रसिद्ध केला. मेंदूच्या तपासणीसाठी ती पुष्कळ उशिरा रुळली, कारण महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) कमानीपाशी पोहोचल्यावर कॅथेटरला, म्हणजे धमनीतून आत सरकवलेल्या बारीक नळीला, वळून पुन्हा वर, मानेतील वाहिन्यांत शिरावे लागते. उजव्या मनगटातून मानेमागची उजवी वाहिनी सहज सापडते, डाव्या कॅरोटिडसाठी (मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतील पुढच्या धमनीसाठी) मात्र वळणदार टोकाचा कॅथेटर आणि सरावाचा हात लागतो.

मनगटाचा खरा फायदा टोचलेल्या जागेपुरता आहे. मनगटातील धमनी कातडीलगत आणि हाडावर असल्याने नुसत्या दाबाने रक्त थांबते. जांघेतील धमनीतून झालेला रक्तस्राव मात्र कधी कधी पोटाच्या मागच्या पोकळीत झिरपत राहतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णात हा फरक मोठा ठरतो. शिवाय मनगटातून तपासणी केल्यास पाय सरळ ठेवून तासन्‌तास उताणे पडून राहावे लागत नाही, आणि साठी ओलांडलेल्या पुरुषांना त्या अवस्थेत लघवीचा किती त्रास होतो हे वॉर्डातील परिचारिकांना विचारावे. कॅथेटरमुळे गुठळी सुटून पक्षाघात होण्याचा लहानसा धोका मात्र दोन्ही मार्गांनी राहतो. मनगट निवडल्याने तो टळतो, असे समजू नये.

आता हाताविषयी. तळहाताला अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बाजूने अशा दोन धमन्या रक्त पुरवतात व त्या तळव्यात एकमेकींना जोडलेल्या असतात. तपासणीपूर्वी अंगठ्याला ऑक्सिजन मोजण्याचा चिमटा लावून अंगठ्याकडची धमनी दाबून धरली असता पडद्यावरची लाट टिकते का, हे पाहता येते. काही रुग्णांत ती धमनी नंतर बंद होते, पण दुसरी पुरेशी असल्याने बहुतेकांना ते जाणवतही नाही. हे टाळण्यासाठी हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध देतात आणि मनगटावरचा हवेचा पट्टा रक्त थांबेल, पण धमनीतील प्रवाह चालू राहील, इतकाच आवळतात. धमनी आकसू नये म्हणूनही औषध देतात. घरी आल्यावर काही दिवस त्या हाताने कात्री चालवू नये वा क्रेट उचलू नये. नेमकी मुदत डॉक्टरांकडून घ्यावी. हात सुजू लागला किंवा बोटे गार वा बधिर पडली, तर लगेच रुग्णालय गाठावे.

मनगट नको म्हणण्याचीही कारणे असतात. ही धमनी साधारण २ ते ३ मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे गुठळी ओढून काढण्यासारख्या उपचारांत जाड नळ्या लागल्या तर मांडीच सोयीची पडते. वडिलांना मूत्रपिंडाचा जुना विकार असेल तर तो आधीच सांगावा, कारण पुढे डायलिसिसच्या फिस्टुलासाठी (हातातील धमनी शिरेला जोडून केलेल्या वाटेसाठी) हातातील धमन्या जपाव्या लागतात. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचाराव्यात : मेंदूच्या तपासण्या ते नेहमी मनगटातून करतात का, आणि वाट अवघड निघाली तर मांडीकडे वळण्याची तयारी असते का. मांडीतून हजारो तपासण्या केलेल्या डॉक्टरांना केवळ नवे म्हणून मनगट वापरायला लावण्यातही शहाणपण नाही.

मात्र छाटणी उरकेपर्यंत तपासणी लांबवू नका. अशा तात्पुरत्या झटक्यानंतर खरा पक्षाघात येण्याची शक्यता सुरुवातीच्या दिवसांत आणि आठवड्यांत सर्वाधिक असते. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या सुरू केल्या असतील, तर तपासणी आहे म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.