कपडा उलटा करून बघ

प्रिय मुली,

परवा फोन ठेवताना तू विचारलंस, "मावशी, मी चुकले का गं?" मी विषय बदलला, कारण तुला तेव्हा झटकन हो किंवा नाही हवं होतं आणि माझ्याकडे एवढं छोटं उत्तर नव्हतं. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. आज लिहायला बसले.

तुझा पगार चांगला आहे, घरचंही बरं आहे. सवलतीच्या दुकानातून तू एक निळा शर्ट घेतलास. एक मैत्रीण म्हणाली, एवढं कमावून असले कपडे? दुसरी म्हणाली, तिथले कपडे गरजूंसाठी असतात, तू कशाला त्यांच्या वाट्याचं उचलतेस? आणि तू तो शर्ट लेबलसकट कपाटात कोंबून ठेवलास. तीन आठवडे! खरं सांगू, मला राग आला. मैत्रिणींचा नाही, तुझा आला. त्या दोघींपैकी एकीनेही तो शर्ट हातात घेतला नाही. तू तरी घेतलास का? उलटा करून पाहिलास का?

माझं म्हणणं एवढंच आहे. कपडा उलटा करून बघ. किंमत नंतर, दुकानाचं नाव नंतर, लोक काय म्हणतील ते तर सगळ्यात शेवटी.

मी अकरा वर्षं कपड्यांच्या कारखान्यात माल तपासायचं काम केलं, हे तुला माहीत आहे. तिथली एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नाही. एका मोठ्या, महागड्या नावाच्या गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला. कापड तेच, लेबल तेच, दुकानातली किंमतही तीच राहणार होती. मग पैसे वाचवायचे कुठे? आतून. इंचाला बारा टाके पडायचे तिथे आठ पाडायचे. शिलाईच्या आत दाबलेलं कापड निम्मं करायचं. बटण एकाच धाग्याच्या साखळी टाक्याने लावायचं, म्हणजे मागे सुटलेलं धाग्याचं टोक ओढलं की अख्खं बटण हातात येतं. नमुना माझ्या टेबलावर आला. बाहेरून देखणा होता. मी उलटा करून पाहिला, सगळं कळलं, आणि सही केली. काय करणार होते? मी अडवलं असतं तर ऑर्डर दुसरीकडे गेली असती आणि चाळीस मशिनं बंद पडली असती. आजही मी स्वतःला हेच सांगते. रात्री कधीकधी ते पुरत नाही.

पुढे हातात पैसा आला तेव्हा मी काय केलं असेल? दहा वर्षं फक्त बड्या दुकानांतून कपडे घेतले. सवलतीच्या दुकानासमोरून जाताना चालणं जलद व्हायचं, कुणी ओळखीचं पाहील म्हणून. जिला आतलं सगळं दिसत होतं, तीच बाई दहा वर्षं पिशवीवरचं नाव मिरवत होती. एका बैठकीत फळ्याकडे हात उंचावला आणि काखेत शिलाई उसवली. घरी येऊन ब्लाउज उलटा केला. टाके विरळ, आत दाबलेलं कापड नखाएवढं. ते काम माझ्या ओळखीचं होतं.

म्हणून महाग म्हणजे टिकाऊ हे मनातून काढ. महाग म्हणजे शिवणाऱ्या बाईला न्याय, हेही काढ. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरची दुकानं आणि बँक बंद ठेवली गेली, वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं. त्या इमारतीत स्वस्त नावांचा माल शिवला जायचा आणि त्यांच्याहून महाग नावांचाही. आपण किती पैसे मोजले यावरून त्या बाईच्या पदरात काय पडलं ते कळत नाही.

स्वस्ताचंही मी गुणगान गाणार नाही. सवलतीच्या दुकानात काही माल खरंच हंगाम संपून उरलेला असतो, काही एखाद्या डागामुळे बाजूला काढलेला असतो, आणि बराचसा मुद्दाम अशा दुकानांसाठीच हलक्या प्रतीचा शिवलेला असतो. त्याच्यावर छापलेली खोडलेली किंमत कुणी कधी मोजलेली नसते. तेव्हा तिथेही उलटा करून बघ. पट्टे शिलाईपाशी जुळतात का? काजांचे धागे सुटलेत का? शिलाईच्या दोन्ही बाजूंनी हलकेच ताण, फटीतून उजेड दिसला तर ठेवून दे. टी-शर्ट खांद्यांना धरून लोंबता ठेव, बाजूची शिवण पोटावर वळून येत असेल तर पहिल्या धुण्यात तो आणखी पिळवटणार.

आता त्या दुसऱ्या मैत्रिणीचं. तिचं बोलणं तुला जास्त लागलं आणि लागावंच. यंत्रावर हजारोंनी निघणारा शर्ट तू एक घेतलास म्हणून कुणी उघडं राहत नाही. पण जिथे एकेकच नग असतो तिथे गोष्ट वेगळी. जाड, उबदार, रोजच्या कामाचा, सर्वांच्या मापाचा कपडा असेल आणि तुझ्याकडे तसे तीन असतील, तर हात मागे घे. एवढं कळायला पुस्तक लागत नाही. आणि तिथून उचलून चढ्या भावाने विकायचा विचार तुझ्या मनात येणार नाही, हे मी धरूनच चालते.

तुझ्यासारखीला खरा धोका तिसराच आहे. परवडतं म्हणून एकाच्या जागी पाच घेशील. नंतर कपाट भरलं की पिशव्या भरून दान करशील आणि हलकं वाटेल. मीही केलं आहे. अशा दानातले कितीतरी कपडे गठ्ठे बांधून परदेशी जातात. घानाच्या आक्रा शहरात कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार आहे. तिथल्या बायका गठ्ठा न उघडता विकत घेतात आणि आत निघतात विटलेले, उसवलेले कपडे. न खपलेला माल गटारात आणि समुद्राच्या काठाला जाऊन पडतो. माझी ती आठ टाक्यांची खेप कुठे पोचली असेल, कोण जाणे.

ज्या बाईला आज, याच पैशात, हाच कपडा घ्यावा लागतो, तिला निवड नसते. तुला आहे. तू थांबू शकतेस, पाहू शकतेस, न घेता परत येऊ शकतेस. हा मोकळेपणा पैशाने दिलाय, तर तो डोळे उघडे ठेवायला वापर ना! तू तो मैत्रिणींच्या तोंडाकडे बघण्यात घालवते आहेस.

माझं करडं जाकीट तू पाहिलं आहेस. सवलतीच्या दुकानातलं, नऊ वर्षं झाली. कोपरं मी दोनदा रफू केली, अस्तर एकदा बदललं. जाऊबाई अजून म्हणतात, आता तरी नवं घे. घेणार नाही. त्यांना मी हट्टी वाटते, वाटू दे. ते घेताना मी दुकानातच, सगळ्यांसमोर, बाही पार उलटी करून पाहिली होती.

रविवारी ये. तो निळा शर्ट घेऊन ये, लेबल काढू नकोस. खिडकीपाशी चांगला उजेड असतो, तिथे बसून काखेतली शिलाई आणि बटणं दोघी मिळून पाहू. चांगला निघाला तर सोमवारी घालून कामावर जा. विरळ निघाला तर सुई-दोरा काढते, दुहेरी टीप कशी मारायची ते तुला त्या दिवशीच शिकवते.

तुझी,
मावशी